कोरं पाणी

“आधी कोरं पाणी वाच, पोरी. पाणी काय म्हणतंय ते ऐकल्याबिगर औषधावर आळ घ्यायचा नाही. औषध बिचारं मुकं असतंय.”

तांबोळी काकांना जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी केंद्राचं कुलूप काढताना अक्षताच्या कानात त्यांचं हे वाक्य रोज उमटायचंच. चाळीस वर्षं काकांनी कुरुंदवाडच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून पुड्या बांधल्या आणि बाटल्यांवर कागदाच्या खुणा चिकटवल्या. पुढे सरकारने गावोगावी औषध पडताळणी केंद्रं उघडली तेव्हा सत्तरीतल्या या माणसाने नवं यंत्र सगळ्यांच्या आधी शिकून घेतलं. जाताना तिचा हात हातात घेऊन एवढं एकच वचन मागितलं होतं. तिने दिलं होतं. आई जशी आंघोळीशिवाय देवाला शिवत नाही, तशी ती कोरं पाणी वाचल्याशिवाय औषधाला शिवत नसे.

त्या मंगळवारी मात्र कुलूप काढताना तिचं सगळं लक्ष पर्सकडे होतं. पर्समध्ये वडिलांची, अप्पांची, गोळ्यांची पितळी डबी होती.

तीन आठवड्यांपासून अप्पांचं काही खरं नव्हतं. जेवण जात नव्हतं, मळमळायचं, बसल्या जागी डोळा लागायचा. बसगोंडा मगदूम म्हणजे एसटीचे निवृत्त कंट्रोलर. स्टँडवर त्यांचा आवाज घुमला की झोपलेला ड्रायव्हर उठून बसे. तेच अप्पा आता पायरी चढताना भिंत धरायचे. काल संध्याकाळी स्टँडवरून परत आले आणि म्हणाले, “कोल्हापूरची गाडी पिवळी कधी केली गं? सांगितलं पण नाही कुणी.”

“अहो, लालच आहे ती,” आई हसत म्हणाली होती. “डोळे दाखवा कुणाला तरी.”

अक्षताला हसू आलं नव्हतं. अप्पांच्या हृदयाच्या गोळीबरोबर येणाऱ्या कागदावर बारीक अक्षरात तिने कधीतरी वाचलं होतं: प्रमाण वाढल्यास भोवतालचं पिवळं दिसू शकतं.

आज सकाळीही तेच. आईची पूजा आटोपली, ती पळी घेऊन आली. तीन पळ्या तीर्थ आणि त्याच्यावर गोळी, हा या घरचा जुना शिरस्ता. औषध तीर्थासारखं घ्यावं म्हणजे लागू पडतं, असं आजेसासूने आईला सांगितलं होतं आणि आईने ते देवाच्या शब्दासारखं जपलं होतं. अक्षताच्या लहानपणचे तापसुद्धा असेच उतरले होते. डबीही म्हणूनच देवघरात, महादेवाच्या पायाशी, फुलांत ठेवलेली असायची.

“महानंदा, तुझा महादेव हल्ली कडू झालाय,” अप्पा तोंड वाकडं करून म्हणाले.

“झाला असेल. चाळीस वर्षं माझ्या तोंडून तुमच्याबद्दल ऐकतोय ना.”

अप्पा हसले, आणि हसता हसता खाटेच्या कडेला हात टेकून गप्प झाले. अक्षताने ते पाहिलं. आईचं लक्ष नाही असं बघून तिने डबी पर्समध्ये टाकली.

*

गावात त्या यंत्राला सगळे ‘भोकाचं मशीन’ म्हणत. सरकारी नाव होतं औषधवाचक. पण गावाचं नावच खरं होतं, कारण यंत्राचा सगळा जीव एका भोकात होता.

केसाच्या जाडीत तसली पन्नास हजार भोकं शेजारी शेजारी बसतील इतकं ते बारीक. नॅनोपोअर. एका पातळ पडद्यात ते बसवलेलं असतं, पडद्याच्या दोन्ही अंगांना मिठाचं पाणी आणि त्या पाण्यातून भोकावाटे वाहणारी विजेची बारीकशी धार. औषधाचा एखादा रेणू भोकातून जायला लागला की धार अडते. थोडी की फार, क्षणभर की जरा जास्त, हे ज्याच्या त्याच्या अंगकाठीवर. काका नव्या माणसाला समजावताना म्हणायचे, “तुमच्या देवळाच्या गाभाऱ्याचं दार बघा. बुटकं, अरुंद. आत पुजारी पाठमोरा बसलाय. कोण आलं ते त्याला मान वळवून बघायला नको. उजेड कसा झाकोळला त्यावरनं कळतं. पाटील आला की अंधारच, पोर आलं की नुसती झुळूक. हे मशीन म्हणजे तो पुजारी.”

अशा हजारो झाकोळांची नोंद यंत्राच्या कोशात होती. गोळीत जे असायला हवं तेच आहे का, आणखी काही घुसलंय का, हे दोन मिनिटांत कळे. वाचलेलं सगळं त्याच क्षणी राज्याच्या औषध-दफ्तरात जाई. पुसायची सोय नव्हती, आणि ती मुद्दामच ठेवलेली नव्हती. बनावट औषधांनी माणसं गेली होती, त्यानंतरचा कायदा होता तो.

अक्षताने आधी कोरं, काहीच न मिसळलेलं पाणी वाचलं. पडद्यावर सरळ रेघ. मग अप्पांच्या डबीतली एक गोळी विरघळवून तिचा थेंब सोडला.

पहिला झाकोळ ओळखीचा. डिगॉक्सिन, हवं तेवढंच. ती श्वास सोडणार तोच रेघ पुन्हा वाकली. त्याच घराण्यातला वाटावा, पण जरा रुंद आणि रेंगाळणारा झाकोळ. पुन्हा एक. पुन्हा. यंत्राने कोश धुंडाळला आणि लाल अक्षरं उमटवली: अनोळखी संयुग. हृदयावर परिणाम संभवतो.

‘नमुन्याचा प्रकार’ या रकान्यात तिने सवयीने ‘दुकानातील औषध’ लिहिलं होतं. पुढचं तिच्या हातात उरलं नाही. दफ्तराने तीन मिनिटांत त्या बॅचची विक्री जिल्हाभर थांबवली. ज्या ज्या घरी ती गोळी गेली होती, त्या त्या फोनवर इशारा गेला: ही गोळी घेऊ नका.

लगोलग जिल्हा कार्यालयातून केसरकर मॅडमचा फोन. “शाबास, मगदूम! जिल्ह्यात पहिली पकड तुमची. कारखान्याला नोटीस निघतेय.”

“मॅडम, गोळी माझ्या वडिलांची आहे.”

मॅडमचा सूर एकदम उतरला. “कसे आहेत ते?”

उत्तर द्यायच्या आत दुसरा फोन वाजायला लागला. आईचा. आई कामाच्या वेळी कधीच फोन करत नसे.

*

अप्पांना मिरजेच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथे डॉक्टर खोत नावाची तरुण बाई होती. बोलणं तुटक, डोळे मात्र मायाळू. “नाडी अडतीस आहे. हृदयाचा वरचा मजला सांगतोय ते खालच्या मजल्यापर्यंत पोचत नाहीये. यांनी गोळ्या जास्त घेतल्या का?”

“रोज एकच. मी स्वतः देते,” आई म्हणाली. तिच्या हातात जपाची माळ होती, आणि मणी पुढे सरकत नव्हते.

अक्षताने दुसऱ्या झाकोळाचं सांगितलं. डॉक्टरीण ऐकत राहिली. “त्याशिवाय हिशेब जुळतच नाही. रक्तात डिगॉक्सिन थोडंच वाढलेलं दिसतंय, त्याने एवढी नाडी पडायची नाही. उतारा आहे माझ्याकडे. साप चावल्यावर देतात तसा, पण या जातीच्या औषधांसाठीचा. सहाच कुप्या. किती द्यायच्या आणि लागू होईल का, हे तुमचं ते दुसरं काय आहे त्यावर ठरेल. शोधून काढा. लवकर.”

काचेपलीकडे अप्पांनी डोळे किलकिले केले. “अक्षे, ही नर्स पिवळी दिसतेय मला. कुठल्या डेपोची?”

नर्स हसली. अक्षताला रडू फुटेल असं वाटलं म्हणून ती तशीच मागे वळली.

*

कुरुंदवाडला पोचली तेव्हा दुपार टळत होती. केंद्राच्या पायरीवर हौसाक्का बसली होती. घाटाकडच्या आळीत एकटी राहणारी, हातात काठी, तोंडात तंबाखूची चिमूट. तिच्या छातीलाही अप्पांचीच गोळी.

“काय गं बाय, माझी गोळी बंद केलीस म्हणं?”

“आक्का, दोन दिवस थांबा. त्या गोळीत काहीतरी—”

“दोन दीस? दुकानदार म्हंतोय पुण्याची लॅब हो म्हणूस्तवर अकरा दीस. दुसरी गोळी कुठल्याच दुकानात न्हाई. सकाळपासनं हितं,” तिने छातीवर हात ठेवला, “कबूतर शिरल्यागत फडफडतंय. आन मला एक सांग, मी ती गोळी तीन वर्सं खातीया. मला कुठं काय झालं?”

अक्षता थबकली. खरंच की. त्याच दुकानातली, त्याच बॅचची गोळी. जिल्ह्यात अठराशे माणसं ती खात होती. पिवळं फक्त अप्पांनाच दिसत होतं.

“आक्का, तुमचं पाकीट आहे जवळ?”

हौसाक्काने कमरेच्या पिशवीतून न फोडलेलं पाकीट काढून दिलं. “बघ. तुज्या भोकात घालून बघ.”

कोरं पाणी. सरळ रेघ. मग हौसाक्काची गोळी. एकच झाकोळ, ओळखीचा, स्वच्छ. दुसरी गोळी. तीच. तिसरी. तीच.

यंत्राने वाचन दफ्तरात पाठवलं. उत्तर आलं: विरोधी नोंदी. अनोळखी संयुगाचा स्रोत सिद्ध होईपर्यंत बॅच थांबलेली राहील; तपासलेलं पाकीट केंद्रात जमा ठेवा.

अक्षता स्टुलावर बसली. कारखान्याने काही केलं नव्हतं. दुकानातही काही झालं नव्हतं. जे मिसळलं ते पाकीट फोडल्यानंतर, तिच्या घरात. आणि डोक्यात काकांचं वाक्य पुन्हा फिरू लागलं. पाणी काय म्हणतंय ते ऐकल्याबिगर. मी वाचलं की पाणी, काका. पण कुठलं? बाटलीतलं, केंद्रातलं. अप्पा कुठल्या पाण्याबरोबर गोळी घेतात?

तुझा महादेव हल्ली कडू झालाय.

ती उठली तेव्हा स्टूल मागे पडलं. हौसाक्का ओरडली, “अगं काय झालं?” तिने मागे वळून पाहिलं नाही.

*

देवघरात दिवा अजून मिणमिणत होता. महादेवाच्या पिंडीवर पिवळ्या फुलांची रास. शेजारी तांब्याची घागर, अर्धी भरलेली, पाण्यात सकाळची उरलेली फुलं. घंटेसारखी, नाजूक, पिवळीजर्द. बिट्टी.

दीड वर्षापूर्वी अप्पा पहिल्यांदा कोसळले ते घाटावरच्या बिट्टीच्या झाडाखाली. घाबरलेली बाई समोर जे दिसेल ते देवाला देऊन मोकळी होते. आईने तिथेच पदर पसरून म्हटलं होतं, यांना उठव, तुला एक लाख बिट्टी वाहीन. अप्पा उठले. गेल्या मार्गशीर्षात चांगला दिवस पाहून लाखोली सुरू झाली. रोज पाचशे फुलं. पहाटे मौन धरून तोडायची, वाहून होईपर्यंत बोलायचं नाही. भिंतीवरच्या वहीत आईच्या गोल अक्षरात आजपर्यंतचा आकडा होता: एकाहत्तर हजार पाचशे.

चैत्राची उन्हं तापली तशी पहाटेची फुलं सकाळपर्यंत माना टाकू लागली. म्हणून तीन आठवड्यांपासून आई तिन्हीसांजेलाच तोडून आणून घागरीत भिजत ठेवू लागली होती. आणि देवाच्या फुलांचं पाणी मोरीत कसं ओतायचं? त्याच पाण्याने अभिषेक. अभिषेकाचं तेच तीर्थ. तेच पळीत. तेच उघड्या डबीतल्या गोळ्यांवरही शिंपडलेलं.

अक्षताने एक फूल उचललं. देठातून पांढरा चीक आला आणि बोटाला चिकटला. घागरीतल्या पाण्यावर त्याच चिकाची पुसट साय होती. शाळेत असताना बाई ओरडल्या होत्या, बिट्टीचं फळ तोंडात घालू नका रे, काळीज बंद पडतं. फळ. फुलाबद्दल कुणी काही म्हणालं नव्हतं. पाचशे देठ रोज. आणि ज्या जातीचं औषध अप्पांच्या रक्तात आधीच होतं, त्याच कुळातलं हे रानातलं भावंड. यंत्राच्या कोशात जगातली औषधं होती. परसातली फुलं नव्हती.

तिने उभ्या उभ्या डॉक्टर खोतांना फोन लावला. “बिट्टी. पिवळी कण्हेर. तीर्थातून, रोज.”

“अरे देवा.” मग आवाज लगेच कामाचा झाला. “उतारा चालेल याला. जास्त लागेल, पण चालेल. सगळ्या कुप्या लावते. आणखी कुणी घेतं का ते तीर्थ?”

अक्षताची नजर पळीवर गेली. “आई. एक पळी.” गेले कितीतरी दिवस आई मळमळतंय म्हणत होती, एकभुक्त आहे म्हणून पित्त झालं असेल म्हणत होती.

“त्यांनाही बसवते तपासायला. तुम्ही या.”

*

ती लगेच गेली नाही. घागरीतलं पाणी छोट्या बाटलीत भरून घेतलं आणि केंद्रात येऊन बाटली यंत्रासमोर ठेवून बसली.

वडिलांसाठी जे करायचं ते झालं होतं. हे वाचन उरलेल्यांसाठी होतं. बाटलीतला थेंब यंत्रात गेला, त्याचा झाकोळ डबीतल्या अनोळखी झाकोळाशी जुळला, की बॅच सुटेल. हौसाक्काला गोळी मिळेल, अठराशे माणसांना मिळेल. पण वाचनाआधी रकाना भरावा लागतो. स्रोत: कारखाना, दुकान, की व्यक्ती. व्यक्ती असेल तर नाव, वय, पत्ता. म्हणजे आईचं नाव. दफ्तराच्या लेखी हृदयाचं विष पाजणारी व्यक्ती ती. गेल्या वर्षी शिरोळकडच्या एका सुनेच्या काढ्यात काहीतरी निघालं. त्यात तिचा दोष नव्हता, पण महिनाभर पोलीस ओसरीवर येऊन बसत होते, आणि गावाने तिला अजून हळदीकुंकवाला बोलावलेलं नाही.

न वाचलं तर? अकरा दिवसांनी पुण्याची लॅब आपोआप सांगेलच की गोळी चांगली आहे. अप्पांच्या डबीत काय होतं ते कधीच कुणाला कळणार नाही. अकरा दिवस फक्त.

बाहेर पायरीवर काठीचा आवाज झाला. हौसाक्का अजून तिथेच होती. एका हाताने छाती चोळत होती, आणि आत बघायचं नाही असा नेम केल्यासारखी रस्त्याकडे बघत होती.

अक्षताने बाटली पर्समध्ये घातली आणि मिरजेची गाडी धरली. हे आईला न विचारता करायचं नव्हतं. आणि न सांगता लपवायचंही नव्हतं.

*

आईला त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, दंडाला नाडीचा पट्टा बांधून. बावन्न दाखवत होता.

अक्षता तिच्या पायाशी जमिनीवरच बसली. सांगायला किती वेळ लागला, तिला कळलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर आईने आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

“माझ्या हातून,” ती म्हणाली.

“आई, तुला काय माहीत होतं? कुणालाच—”

“रोज सकाळी आधी त्यांना द्यायचे. उरलं की मी घ्यायचे.” तिचा आवाज एरवीही कधी चढत नसे. आता तो इतका खाली गेला की अक्षताला वाकून ऐकावं लागलं. “कडू लागतंय म्हणाले ते. मी थट्टेवारी नेलं.”

“डॉक्टर म्हणतात अप्पांची नाडी चढतेय. चव्वेचाळीस झाली.”

आईने डोळे मिटले. ओठ हलले. मग म्हणाली, “आणि ते दुसरं? ते तुझं वाचायचं? ते का थांबलंय?”

अक्षताने रकान्याचं सांगितलं. शिरोळच्या सुनेचं सांगितलं. अकरा दिवसांचं सांगितलं. हौसाक्काचं सांगायचं नव्हतं, तेही सांगून झालं.

“हौसा पायरीवर बसलीय?”

“हो.”

“आणि तू बाटली घेऊन इकडे आलीस?”

अक्षताने मांडीवरची पर्स घट्ट धरली.

“पाणी आधी वाचायचं असं तांबोळींना कबूल केलंस ना तू? मग हेही पाणीच आहे.” आईने पट्टा बांधलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. “देवापुढे ठेवलं ते चारचौघांपुढे ठेवायला कसली लाज? माझं पूर्ण नाव घाल. महानंदा बसगोंडा मगदूम. वय सहासष्ट.” थोडं थांबून ती म्हणाली, “त्या रकान्यात देवाचं नाव घालायची सोय नाही का गं?”

“नाही.”

“बरंय. नाहीतर मीच आधी त्याच्यावर ढकललं असतं.”

दोघी हसल्या. हसता हसता आईच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, आणि ते पुसायलाही तिने स्वतःचा हात वापरला नाही. खांद्यालाच टिपलं.

“पण लाखोली?” ती म्हणाली. “अठ्ठावीस हजार पाचशे राहिलीत. शब्द दिलाय मी. आता फुलाला हात लावायचा धीर नाही मला. आणि अर्धवट सोडली तर... त्यांना आत्ताच कुठे चव्वेचाळीस आलेत, अक्षता.”

अक्षताने आजवर एकही फूल मोजून वाहिलेलं नव्हतं. आईचे नेम तिने कधी मोडले नाहीत, कधी पाळलेही नाहीत. घरात भिंत असावी तसे ते होते. आता त्या भिंतीला टेकून बसलेली ही बाई तिच्याकडे बघत होती.

“मी वाहीन,” ती म्हणाली. “पण बिट्टी नाही.”

“शब्द बिट्टीचा होता.”

“शब्द अप्पांसाठी होता, आई.”

आईने काचेकडे पाहिलं. काचेपलीकडे हिरवी रेघ एकेक उंचवटा घेत चालली होती. अंतर ठेवून, पण न चुकता.

“कुठलं ते तू ठरव मग,” ती म्हणाली. “तुला वाचता येतं.”

*

संध्याकाळी दिवेलागणीला अक्षताने कोरं पाणी वाचलं. सरळ रेघ. मग ‘स्रोत’च्या रकान्यात आईचं पूर्ण नाव लिहिलं, एकही काना-मात्रा न चुकवता, आणि घागरीतल्या पाण्याचा थेंब सोडला. रुंद, रेंगाळणारे झाकोळ एकामागून एक येत राहिले, तेच, अगदी तेच. कोशाने नाव विचारलं. तिने लिहिलं: बिट्टी.

बॅच सुटली. केसरकर मॅडमचा फोन आला. सकाळसारखं शाबास त्या म्हणाल्या नाहीत. “उद्या अकराला चौकशीसाठी माणसं येतील, मगदूम. मी पण येईन. हेतू नव्हता हे मी लिहून देईन. पण नाव पुसता येणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे, मॅडम.”

मग तिने आणखी एक वाचन केलं. हौसाक्काच्या परसातल्या बेलाची तीन पानं चुरडून, पाण्यात भिजवून. हृदयाच्या वाटेला जाणारं त्यात काही नव्हतं.

रात्रीतून अप्पांची नाडी चोपन्नवर आली. डॉक्टर म्हणाली होती, अजून दोन दिवस काही सांगता येणार नाही. चढते तशी घसरतेही. पहाटे नर्सने त्यांच्या कानाशी फोन धरला. “अक्षे,” ते खरखरीत आवाजात म्हणाले, “खिडकीतून गाडी दिसतेय एक. तांबूस आहे. लाल म्हणायला अजून धीर होत नाही.”

फोन ठेवला तेव्हा पूर्वेला जेमतेम फटफटलं होतं. अक्षताने आंघोळ केली. घागर तर कालच राख लावून घासून उपडी घातली होती. भिंतीवरच्या वहीला पेन्सिल बांधलेली होती, ती तपासली. मग आईची वेताची परडी उचलली, आणि ओठ मिटले.

घाटाच्या वाटेवर बिट्टीची चारी झाडं बहरून उभी होती, कुणाचा काही गुन्हा नसल्यासारखी. ती त्यांच्याखालून गेली. हौसाक्काच्या परसाचं फाटक लोटलं तसा कडीचा आवाज झाला.

“कोन हाय?” हौसाक्का दारात आली. हातात पाण्याचा तांब्या, मुठीत गोळी. “तू व्हय. दुकानदारानं रातीच आनून दिली बघ. ते आसू दे, बसगोंडा कसा हाय?”

अक्षताने मान हलवली. बरा.

“आन महानंदा? लोक कायबाय बोलायलेत गं स्टँडवर. खरं हाय का?”

अक्षता तिच्याकडे बघत राहिली. मग पुन्हा मान हलवली.

“तोंडानं बोलंनास का? काय झालं—” हौसाक्काची नजर परडीवर गेली, आणि ती थांबली. गोळी तोंडात टाकून तिने वर तांब्या लावला. पदराने ओठ पुसले. मग पायरीवरची काठी घेऊन बेलाची खालची फांदी अक्षताच्या हाताशी ओढून धरली, आणि मुकाट उभी राहिली.

अक्षताने पहिलं त्रिदळ खुडलं. देठाकडे पाहिलं. चीक नव्हता. तिने ते परडीत ठेवलं आणि मनातल्या मनात म्हटलं, एक.